आळशी डोळा आणि आपला कानाडोळा

'आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन' ही म्हण आपण सगळ्यांनीच शाळेत 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा'साठी घोकलेली आहे. पण देवाने व्यवस्थित दोन दिलेले असताना ज्याचा मेंदू एकच वापरतो, त्याच्यासाठी काही म्हण नाही. इंग्रजीत मात्र एक नाव आहे, 'लेझी आय'. आपण त्याचं शब्दशः मराठी करून टाकलं, 'आळशी डोळा'. डॉक्टरी नाव अँब्लिओपिया. माझा डावा डोळा या जातीचा आहे. आणि मित्रांनो, मला या लेखात एवढंच म्हणायचंय की आळशी तो डोळा नाही. आळशी आहोत आपण. घरचे, शाळा, शेजारपाजारचे, आणि थोडेफार आपण इंजिनीअरिंगवालेसुद्धा!

हे ऐकल्यावर लोक पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे निरखून बघतात. मग "हा ना?" म्हणून हमखास उजव्या डोळ्याकडे बोट दाखवतात. त्यांचा दोष नाही, कारण बाहेरून काही दिसतच नाही. माझे डोळे तिरळे नाहीत. डाव्या डोळ्याचं भिंग स्वच्छ आहे, पडदा ठणठणीत आहे. गडबड आहे ती पुढच्या वायरिंगमध्ये.

झालं असं की माझ्या दोन डोळ्यांच्या नंबरांत लहानपणापासूनच मोठा फरक. उजवा जवळजवळ शून्य, डावा अधिक साडेचार. लहानपणी चष्मा नव्हता. त्यामुळे उजवीकडून मेंदूला स्पष्ट चित्र यायचं आणि डावीकडून कायम धुरकट. आता दोन रीडिंग्ज एकमेकांशी जुळत नसतील तर आपण जर्नलमध्ये काय करतो? त्यातलं एक गुपचूप खोडतो. (हे वाक्य आमच्या लॅबच्या सरांनी वाचू नये ही विनंती.) मेंदूसुद्धा अगदी तेच करतो. धुरकट चित्र येत राहतं आणि मेंदू ते बाजूला टाकत राहतो. अशी काही वर्षं गेली की त्या डोळ्यासाठी मेंदूत जी जोडणी व्हायला हवी ती नीट होतच नाही. मग नंतर कितीही भारी चष्मा लावा, भिंगातून चित्र स्वच्छ पडतं, पण ते वाचणाराच कुणी तयार नसतो. आज पूर्ण नंबरचा चष्मा लावूनही माझा डावा डोळा तक्त्यावर ६/३६ च्या पुढे जात नाही.

नंबरातला फरक हे एक कारण. दुसरं म्हणजे तिरळेपणा. त्यात दोन डोळे दोन दिशांना बघतात आणि मेंदू एकाचं ऐकणं सोडून देतो. तिसरं म्हणजे जन्मतःच मोतीबिंदू किंवा खाली ओघळलेली पापणी, म्हणजे डोळ्यात उजेडच धड जाऊ न देणारी कुठलीही गोष्ट. साधारणपणे शंभरातल्या दोन-तीन जणांना हा त्रास असतो. म्हणजे साठ जणांच्या आपल्या वर्गात एखादा तरी निघायला हरकत नाही. आमच्या वर्गाचा कोटा मी भरून काढलेला आहे!

हे मेंदूचं प्रकरण आहे हे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन विझेल या दोघांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं. पिल्लाची एक पापणी काही महिने शिवून ठेवली आणि नंतर उघडली. डोळा चांगला होता, पण मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या बहुतेक पेशी त्या डोळ्याला प्रतिसादच देईनात. त्या सगळ्या दुसऱ्या डोळ्याच्या पक्षात गेलेल्या! हाच प्रयोग मोठ्या मांजरावर केला तर मात्र असं काही होत नाही. म्हणजे वायरिंगला एक ठरावीक मुदत असते, आणि ती लहानपणाची असते. या दोघांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं. तात्पर्य, 'आळशी' हा शब्द मुळात चुकीच्या पार्टीला लावलाय. काम करायला तयार असलेल्या डोळ्याला आपण कामावरच घेतलेलं नसतं.

आता मुख्य मुद्दा. मला हे कळलं कधी? आठवीत! पाचवीत शाळेत डोळे तपासायला लोक आले होते. रांगेत उभं केलं, दोन्ही डोळे उघडे ठेवून तक्ता वाचायला सांगितलं. मी सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचली आणि कार्डावर शेरा पडला, 'दृष्टी उत्तम'. उजव्या डोळ्याने पेपर सोडवला आणि डावा कॉपी करून पास झाला. आठवीत उजव्या डोळ्याला रांजणवाडी झाली, डोळा सुजून बंद झाला, तेव्हा मला वर्गातला फळाच दिसेना. मग डॉक्टरांकडे वरात.

तिथे एक मजेशीर चाचणी झाली. डॉक्टरबाईंनी पोलरॉइडचा चष्मा घालायला दिला आणि समोर एका मोठ्या माशीचं चित्र धरलं. म्हणाल्या, "हिचे पंख चिमटीत पकड." ज्यांचे दोन्ही डोळे मिळून काम करतात त्यांना ते पंख कागदाच्या वर तरंगताना दिसतात, आणि मुलं हवेत चिमूट पकडतात. काही मुलं तर घाबरून हात मागे घेतात म्हणे. मी सरळ कागदावर बोट टेकवलं. आई माझ्याकडे आणि डॉक्टरबाई आईकडे बघत राहिल्या. त्या क्षणी मला समजलं की बाकीच्या जगाला असं काहीतरी दिसतं जे मला दिसत नाही. २०१३ साली 'झपाटलेला २' थ्रीडीमध्ये आला तेव्हा मी लहान होतो. थिएटरमध्ये पोरं किंचाळत होती आणि मी शांत बसलो होतो. माझ्या मते थ्रीडी म्हणजे गडद चष्मा घालून बघायचा सिनेमा!

तर ही 'खोली' नक्की काय भानगड आहे? आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं. त्यामुळे दोघांना दिसणारी चित्रं किंचित वेगळी असतात आणि त्या फरकावरून मेंदू पुढे काय, मागे काय हे काढतो. हे १८३८ मध्ये चार्ल्स व्हीटस्टनने दाखवून दिलं. होय, तोच आपला व्हीटस्टन ब्रिजवाला. (ब्रिज मुळात त्याचा नव्हता, सॅम्युअल ख्रिस्तीचा होता. पण स्टिरिओस्कोप मात्र त्याचाच!) त्याने दोन आरसे लावून प्रत्येक डोळ्याला एकाच वस्तूचं वेगळं रेखाचित्र दाखवलं आणि सपाट कागदावरच्या रेघा उठून उभ्या राहिल्या. पुढे १९६० च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये बेला युलेझने नुसत्या विखुरलेल्या ठिपक्यांची जोडचित्रं बनवली. एकेका चित्रात काहीही आकार नाही, पण दोन डोळ्यांनी दोन चित्रं एकत्र पाहिली की मधूनच एक चौकोन वर तरंगतो. मला त्यात आजही फक्त जुन्या टीव्हीवरच्या मुंग्या दिसतात.

आपण इंजिनीअर, तेव्हा थोडं गणित. खोली ओळखण्यातली चूक ही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे अंतराचा वर्ग, गुणिले कोनातली चूक, भागिले दोन डोळ्यांतलं अंतर. चांगल्या नजरेला साधारण वीस आर्क-सेकंदांचा फरक ओळखता येतो असं धरलं, तर एक मीटरवर ही चूक दीड मिलिमीटर येते. दहा मीटरवर पंधरा सेंटिमीटर. आणि शंभर मीटरवर तब्बल पंधरा मीटर! म्हणजे सुई ओवताना, चहा ओतताना, सोल्डरिंग करताना दोन डोळ्यांची जादू जबरदस्त चालते. पण लांबचा ट्रक किती दूर आहे हे तुम्हीसुद्धा बरंचसं माझ्याच पद्धतीने ठरवता. वस्तू केवढी दिसते, कशाच्या आड कोण गेलंय, सावली कुठे पडलीय, रस्त्याच्या कडा कुठे मिळतात, आणि आपण हललो की जवळच्या गोष्टी कशा भराभर सरकतात. आपण सगळ्यांनी एन. डी. भटांच्या पुस्तकातून आयसोमेट्रिक काढत रात्री जागवल्यात. सपाट कागदावर ठोकळा उभा दिसायला दोन डोळे लागत नाहीत, हे त्या ड्रॉइंग हॉलनेच सिद्ध केलंय.

त्यामुळे माझं जग काही पोस्टरसारखं सपाट नाही. लोकांना तसं वाटतं आणि ते फार हळहळतात. हळहळू नका! मला अडतं ते बारीकसारीक ठिकाणी. कॅन्टीनमध्ये जगातून पाणी ओतताना मी जगाची चोच ग्लासाच्या काठाला टेकवून घेतो. टाळी द्यायला गेलो की कधीकधी हवेत जाते. एकाच रंगाच्या फरश्यांचा जिना संध्याकाळी उतरताना पायरी पायाने चाचपतो. टेबल टेनिसमध्ये माझी पहिली फेरी हीच शेवटची. आणि एखादी वस्तू किती लांब आहे ते नीट कळेना की मी मान हळूच डावी-उजवीकडे हलवतो. लोकांना वाटतं पोरगा कानात गाणी ऐकतोय.

पण इंजिनीअरिंगला आल्यावर एक प्रॅक्टिकल आलं, जिथे टेकवून किंवा चाचपून चालणार नव्हतं. सर्व्हेची लॅब, मिरर स्टिरिओस्कोप. खाली विमानातून काढलेले दोन फोटो, वरून आरशांतून बघायचं. आमच्या बॅचचा एकेक जण वाकायचा आणि ओरडायचा, "आयला, डोंगर वर आला!" विमानाने दोन फोटो शेकडो मीटर अंतरावरून काढलेले असतात, म्हणजे जणू दोन डोळ्यांत तेवढं अंतर, म्हणून उंची इतकी ठसठशीत दिसते. माझा नंबर आला. मला एकच फोटो दिसला, उजवा, सपाट. लॅब असिस्टंट म्हणाले, "नीट बघ, दिसेल." सगळेच असं म्हणतात. नीट बघणं हा यावरचा उपाय नाही हे समजावण्यात माझी पाच मिनिटं गेली. पॅरॅलॅक्स बारचे दोन ठिपके एकत्र आणून जमिनीवर टेकवायचे असतात, ते तर माझ्या बाबतीत अशक्यच. शेवटी सरांनीच विचारलं, "बघता येत नाही, मोजता येतं ना?" मी उड्डाणरेषा आखली, दोन्ही फोटोंवर त्याच बिंदूचं अंतर पट्टीने मोजलं, वजाबाकी केली आणि सूत्रात टाकून उंची काढली. बॅचच्या उत्तराशी जवळपास जुळली. मी न पाहिलेला डोंगर जर्नलमध्ये व्यवस्थित उभा आहे. आणि थिओडोलाइटला तर एकच डोळा लागतो, तिथे आम्ही राजे!

इथे काही जण म्हणतील, मग तुझं सगळं चाललंय की, ओरड कशाला? मन्सूर अली खान पतौडी घ्या. जुलै १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये मोटार अपघातात उजव्या डोळ्याची नजर गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते भारताकडून पहिली कसोटी खेळले, १९६२ मध्ये एकविसाव्या वर्षी कप्तान झाले, १९६४ मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध नाबाद २०३ काढल्या. म्हणजे ४६ च्या ४६ कसोट्या एका चांगल्या डोळ्यावर! हे उदाहरण मला प्रत्येक काकांनी किमान एकदा ऐकवलंय. मला पतौडींबद्दल प्रचंड आदर आहे. पण या उदाहरणाचा उपयोग आपण कसा करतो ते बघा. एक असामान्य माणूस पुढे करायचा आणि बाकीच्या हजारो मुलांची तपासणी न करण्याचं समाधान मानायचं! पतौडींचा अपघात कुणी थांबवू शकलं नसतं. माझा 'अपघात' एका पुठ्ठ्याच्या तुकड्याने थांबला असता. डावा डोळा कमजोर आहे हे उजवा झाकून चौथ्या वर्षी कळलं असतं, चष्मा आणि पट्टी मिळाली असती. टाळता न येणाऱ्या गोष्टीसोबत धीराने जगणं याला मी शौर्य म्हणेन. पण टाळता येणारी गोष्ट न टाळता नंतर त्याच शौर्याचं कौतुक करणं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

शिवाय एक हिशेब कुणी सांगत नाही. तुमच्याकडे स्टेपनी आहे, माझी पंक्चर आहे. गाडी आज मस्त पळतेय. पण उद्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडरची ठिणगी चांगल्या डोळ्यात गेली तर? म्हणून लेथवर आणि ग्राइंडरवर गॉगल घालण्याबद्दल मी भलताच कटकट्या आहे. मित्र हसतात, हसू देत. आणि नोकऱ्यांचंही आहेच. सैन्यदल, वैमानिक, रेल्वेतली गाडी चालवण्याशी संबंधित पदं, इथल्या वैद्यकीय तपासणीत प्रत्येक डोळ्याची नजर आणि दोघांचं मिळून चालणारं काम पाहतात. आठवीत कळलेल्या मुलाचे हे दरवाजे तो ठोठावण्याआधीच बंद झालेले असतात.

आता उपचाराचं. चांगला डोळा रोज काही वेळ झाकायचा, म्हणजे कमजोर डोळ्याला काम करावंच लागतं. पूर्वी दिवसदिवस पट्टी बांधायचे. २००३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की मध्यम प्रकारच्या दोषात लहान मुलांना रोज दोन तास पट्टी ही सहा तासांइतकीच उपयोगी पडते. २००५ च्या पुढच्या अभ्यासात सात ते बारा वर्षांच्या साधारण निम्म्या मुलांतही सुधारणा दिसली. म्हणजे 'सात वर्षं झाली, संपलं' हेही खरं नाही. पण जितकं लवकर तितकं बरं, हे खरं. मी तेराव्या वर्षी काही महिने पट्टी बांधली. ६/६० वरून ६/३६ वर आलो आणि गाडी थांबली. मोठेपणी कुणालाच काही जमत नाही असंही नाही. सुझन बॅरी या अमेरिकन प्राध्यापिकेला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, सरावानंतर, पहिल्यांदा मोटारीचं स्टिअरिंग डॅशबोर्डपासून पुढे आलेलं दिसलं. तिने त्यावर २००९ मध्ये पुस्तकही लिहिलं. २०१२ मध्ये ब्रूस ब्रिजमन या शास्त्रज्ञाला साठी उलटल्यावर 'ह्यूगो' हा थ्रीडी सिनेमा बघताना हीच जादू घडली. पण बॅरीचा त्रास तिरळेपणाचा होता आणि दोन्ही डोळ्यांची नजर चांगली होती. माझी केस वेगळी. म्हणून ऑनलाइन जाहिरातीत 'तीस दिवसांत थ्रीडी नजर' दिसली की मी आधी माझ्या डॉक्टरबाईंना विचारतो. तुम्हीही विचारा.

खरा अडसर मात्र औषधाचा नाहीच, लोकांचा आहे. पोर जरा तिरळं असलं की "लकी असतं हो!" हे ठरलेलं. नाहीतर "मोठं झालं की आपोआप जाईल." मुलगी असेल तर "एवढ्या लहानपणी चष्मा? पुढे लग्नाला अडचण येईल." पट्टी बांधली की वर्गात 'चाचा' नाहीतर 'एकाक्ष'. माझी मामेबहीण चार वर्षांची असताना मी मामीच्या मागे लागून तिचा एकेक डोळा तपासायला लावला. आजीचा विरोध, मामाचं "बघू दिवाळीनंतर". तपासलं तर तिचीही तीच गोष्ट, डावा डोळा ६/३६. आता चष्मा आणि रोज दोन तास पट्टी. पट्टीवर मामी रोज वेगळं चित्र काढून देते, मांजर, फुलपाखरू, एकदा तर गणपतीसुद्धा. वर्षभरात डोळा ६/१२ वर आलाय आणि मागच्या खेपेला तिने त्या माशीचे पंख हवेत पकडले. मी बघायला शेजारीच होतो. मला पंख दिसले नाहीत, तिची चिमूट दिसली. पुरे झालं.

सरकारी व्यवस्था नाही असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तो आपल्या महाराष्ट्रात, पालघरला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी व्हावी अशी त्यात तरतूद आहे, आणि नजरेचे दोषही त्यात येतात. पण एका पथकाकडे मुलं किती आणि वेळ किती याचा विचार केला की त्यांना हातभार लावायला कुणीतरी हवं हे पटतं.

म्हणून माझी आपल्या एन.एस.एस. युनिटला जाहीर सूचना. आपलं सात दिवसांचं शिबिर दरवर्षी दत्तक गावात होतं. आपण श्रमदान करतो, पथनाट्य करतो आणि मागच्या वर्षीच्याच खड्ड्यात नवीन झाड लावतो. यंदा दोन दिवस अंगणवाडीला द्या. सामान काय लागतं? उलटसुलट 'ई'चा किंवा चित्रांचा तक्ता, सहा मीटर दोरी, भरपूर उजेड आणि एक पुठ्ठा. मुलाला स्वतःच्या हाताने डोळा झाकायला सांगू नका, पोरं बोटांच्या फटीतून बघतात आणि शंभर टक्के पास होतात! पुठ्ठा आपण धरायचा. एकेक डोळा वेगळा. दोन डोळ्यांत दोन ओळींचा फरक आला, किंवा एक डोळा झाकला की मूल रडायला लागलं आणि दुसरा झाकला की गप्प, तर नाव लिहून घ्यायचं आणि आरोग्य केंद्राच्या पथकाला द्यायचं. निदान करणं आपलं काम नाही, ते डॉक्टर करतील. "तुम्ही कोण तपासणारे, काही सुटलं तर?" असं कुणी म्हणेल. सुटेल एखादं, मान्य. आज बरीच सुटतायत.

आणि शिबिराची वाट तरी कशाला बघायची? रविवारी घरी फोन कराल तेव्हा विचारा, भाचा, पुतणी, शेजारची चिंगी, यांचा एकेक डोळा वेगळा कुणी तपासलाय का? 'दोन्ही डोळ्यांनी छान दिसतं' हे उत्तर धरू नका. तेच उत्तर माझ्याही कार्डावर होतं.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी